चार सेकंद

सिनेमात जोडपी चार. आम्ही पाचवे.
नामावलीत आमचं नाव नाही,
नुसतं शेवटी, लोक अंधारात चपला शोधत असताना,
'आभार : सारमानस फेरीचे प्रवासी.'

पहिलं जोडपं पुण्याचं,
लग्नाआधीचे फोटो काढायला गोव्यात आलेलं.
'हसा' म्हटलं की हसायचं,
गाडीत बसलं की आपापली खिडकी.

दुसरे दोघे पुरुष. एक पोदेर,
रात्रभर भट्टीशी. दुसरा शाळेत गणित शिकवणारा.
पहाटे पाच ते सहा, एवढाच संसार.
गरम पोई मधोमध फाडून दोघं मुकाट खातात.
मागून कुणी पोरानं शिट्टी मारली
तर माझ्या शेजारची म्हातारी वळून म्हणाली,
'गप रे, जेवतायत ना ती माणसं.'

मग लुदोविना आणि तिचा आग्नेल,
बाल्कांवात समोरासमोर दोन बाकं,
तिचा रेडिओ वेगळा, त्याचा वेगळा.
तो गेल्यावर ती दोन्ही लावून बसते.

चौथ्यांचं मला आजही नीट सांगता येत नाही.
ते फेरीवर रडत होते तेव्हा
मी त्यांच्या मागे बघत होते.

शूटिंग डिसेंबरातलं.
अकरा दिवस आम्ही बोलत नव्हतो.
डोंगरावरचं काजूचं भाट दिल्लीवाल्याला द्यायचं
गोकुळदासानं परस्पर ठरवलं होतं.
पण इथला कायदा असा की अर्धं माझं,
माझ्या सहीशिवाय पान हलत नाही.
मी सही केली नाही. तो भांडला नाही.
फक्त ताटाशी बोलायचा, 'मीठ कमी आहे.'
मी मांजराला सांगायची, 'बरणी तिथंच आहे.'

माशेलच्या बाजारातून परतताना
फेरीवर काळ्या छत्रीखाली कॅमेरा.
गळ्यात वॉकीटॉकी अडकवलेला एक पोरगा म्हणाला,
'काका, काकू, जरा जवळ उभे राहा ना,
नवरा-बायकोसारखे.'
अख्खी फेरी हसली,
उल्हास खलाशी तर साखळी सोडून हसला.
आम्ही दोन पावलं सरकलो.
मध्ये अजून एक स्कूटर मावली असती.

'काका, काकूंची पिशवी घ्या.'
पिशवीत दोन नारळ, सुकी सुंगटं,
आणि त्याच्या गुडघ्याचं तेल,
त्याला न सांगता घेतलेलं.

पहिल्या टेकला त्यानं पिशवी ओढली.
दुसऱ्याला ढग आला.
तिसऱ्याला मीच सोडली नाही.
चौथ्याला बाटली बोटांना लागली,
त्यानं आत वाकून पाहिलं,
मग कॅमेरा विसरून माझ्याकडे.
'कट! काका, थांबायचं नाही हो.'
पाचव्याला
त्याचा अंगठा माझ्या बोटांवर
गरजेपेक्षा जरा जास्त राहिला.
तसं कुणी सांगितलं नव्हतं.

आता डिचोलीच्या अंधारात
मी डोळे ताणून बसलेली, यातला कुठला घेतला?
पुढे ते दोघं सुंदर रडतायत,
मागे आम्ही, धूसर, नदीच्याच रंगाचे.
निळी पिशवी या हातातून त्या हातात.
चार सेकंद. संपलं.
ओढली की घेतली, पडद्यावरून कळत नाही.

'पाचवा,' गोकुळदास म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.

भाट अजून आहे. सही अजून नाही.
यंदा बोंडं लवकर धरलीत.
दिल्लीवाल्याचा फोन येतो अधूनमधून,
हा त्याला सांगतो, 'बायको ऐकत नाही हो.'
ते म्हणताना त्याचा आवाज कसा होतो
ते ऐकायला
मी हातातलं काम टाकून ओसरीवर येते.